हडसनवरून आई-बाबांना न्यायचंय: न्यूयॉर्कच्या हवाई हद्दीतून छोट्या विमानाचा बेत

केतकी_सातारा · १२ मे, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत. मी न्यू जर्सीत लिंकन पार्कच्या छोट्या विमानतळावरून तीन वर्षं भाड्याचं सेस्ना १७२ उडवते. खासगी परवाना आहे, १४० तास झालेत. हडसन नदीवरून आजवर एकदाच गेले, तेही प्रशिक्षक शेजारी बसलेले असताना. आता दोघांना घेऊन जायचंय. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी महाबळेश्वर-पोलादपूर मार्गावर, आंबेनळी घाटातून. आयुष्यभर त्यांनी लोकांना पोचवलं. आता एकदा त्यांनी नुसतं बसावं आणि मी चालवावं, एवढीच इच्छा आहे. म्हणून बेत इथे मांडते. चुका काढा, नि:संकोच काढा.

विमानातलं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. जेएफके, लाग्वार्डिया आणि नूअर्क हे तीन मोठे विमानतळ एकमेकांना खेटून आहेत. त्यांच्याभोवतीच्या हवाई हद्दीला 'क्लास ब्राव्हो' म्हणतात. घरात मडक्यांची उतरंड असायची ना, ती उलटी उभी केली तर कशी दिसेल, तसा तिचा आकार. विमानतळाजवळ ती जमिनीपासून सुरू होते, आणि लांब जाऊ तसतसा तिचा तळ वर वर जातो. न्यूयॉर्कची उतरंड ७,००० फुटांवर संपते. नकाशावर निळ्या रेघांच्या आत हे आकडे अपूर्णांकासारखे छापलेले असतात. वर ७० आणि खाली ३० असेल तर ३,००० ते ७,००० फूट ही त्यांची हद्द, ३,००० च्या खालून जायला आपण मोकळे. खाली आकड्याऐवजी 'एसएफसी' लिहिलं असेल तर जमिनीपासूनच बंद. आत जायला कंट्रोलरची स्पष्ट परवानगी लागते.

या उतरंडीला हडसन नदीच्या रेषेत एक भोक ठेवलंय. उत्तरेच्या अल्पाइन टॉवरपासून दक्षिणेच्या व्हेराझानो पुलापर्यंत, पाण्यापासून १,३०० फुटांच्या खाली. तिथे परवानगी लागत नाही, पण नियम पक्के आहेत. सरळ पुढे जाणाऱ्यांनी १,००० च्या वर आणि १,३०० च्या खाली राहायचं. घिरट्या घालणारे आणि हेलिपॅडवरून चढणारे-उतरणारे १,००० च्या खाली. वेग १४० नॉटच्या आत, दिवे चालू, चालू आवृत्तीचा नकाशा विमानात. दक्षिणेला जाताना न्यू जर्सीचा काठ, उत्तरेला जाताना मॅनहॅटनचा काठ, म्हणजे दोघांनीही आपापल्या उजवीकडून. आणि १२३.०५ या फ्रिक्वेन्सीवर ठरलेल्या प्रत्येक खुणेपाशी आपणच सांगायचं, मी कोण, कुठे आहे, कुठे चाललेय, किती उंचीवर. खुणा सहा: अल्पाइन टॉवर, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इन्ट्रेपिड ही विमानवाहू बोट, जर्सी सिटीतलं कोलगेटचं घड्याळ, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, व्हेराझानो पूल.

तुम्हाला एकमेकांपासून लांब ठेवणारं तिथे कुणीच नसतं. घाटात वळणावर समोरची गाडी दिसो न दिसो, बाबा हॉर्न द्यायचे. तेच हे.

माझा बेत: लिंकन पार्कहून ईशान्येला, टेटरबोरो विमानतळाची हद्द उजवीकडे लांब ठेवून टॅपन झीच्या पुलाशी नदी गाठायची. तिथे पात्र जवळजवळ तीन मैल रुंद आहे, निवांत वळून १,१०० फुटांवर यायचं. अल्पाइनपासून व्हेराझानो साधारण २२ नॉटिकल मैल. ९० नॉटनं गेले तर चौदा-पंधरा मिनिटं. व्हेराझानो ओलांडल्यावर खाडीवर वळून मॅनहॅटनच्या काठानं परत वर.

इंधन आणि वजनाचा हिशेब: विमानाचं कमाल वजन २,५५० पौंड, रिकामं १,६८०. आम्ही तिघं मिळून ४३०, पिशव्या १५. टाक्या पूर्ण भरल्या, म्हणजे ५३ गॅलनचे ३१८ पौंड धरले, तरी शंभरावर पौंड शिल्लक राहतात.

काय सुटतंय?

---

रानवारा · १२ मे, रात्री १०:४२

वाचतेय. बाबा एसटीचे चालक होते हे वाचूनच गलबलून आलं.

---

पॅलिसेड्सकाठ · १३ मे, सकाळी ६:१५

केतकी, बेत चांगला आहे. मी इथे वीस वर्षं शिकवतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, यांकी स्टेडियम, म्हणजे यांकीज या बेसबॉल संघाचं मैदान. तीस हजार किंवा जास्त आसनांच्या स्टेडियममध्ये बेसबॉलच्या मोठ्या लीगचा सामना असला की त्याभोवती ३ नॉटिकल मैल आणि जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत बंदी लागते, सामन्याआधी एक तासापासून नंतर एक तासापर्यंत. स्टेडियम ब्रॉन्क्समध्ये आहे, पण नदी त्या वर्तुळात येते. आता खरी मेख इथे आहे. या बंदीची वैमानिकांसाठी जी कायमची सूचना असते, तिच्यात सामन्यांच्या वेळा दिलेल्या नसतात. तुम्ही सगळ्या सूचना नीट वाचल्यात तरी आज सामना आहे हे त्यातून कळणार नाही. संघाचं वेळापत्रक स्वतः काढून बघायचं. शिवाय बेसबॉलला वेळेची मर्यादा नाही. बरोबरी झाली की खेळ लांबतो, आणि सामना कधी संपेल हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा सामन्याचा दिवस असेल तर 'तोवर संपेल' असा अंदाज बांधून निघू नकोस. सामना सुरू व्हायच्या खूप आधी जाऊन ये, नाहीतर दुसरा दिवस बघ.

दुसरी गोष्ट, राष्ट्राध्यक्ष न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरला आले की ३० नॉटिकल मैलांचं वर्तुळ पडतं. आतल्या १० मैलांत आपल्यासारख्यांना पूर्ण मज्जाव. बाहेरच्या वर्तुळात फ्लाइट प्लॅन, स्वतंत्र स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा क्रमांक) आणि कंट्रोलरशी सतत संपर्क हवा. सॉमरसेट, सोलबर्ग या तिथल्या छोट्या विमानतळांवरच्या लोकांना याची सवय झालीये. लिंकन पार्कहून निघतानाही आदल्या रात्री आणि निघायच्या तासभर आधी, दोन्ही वेळा बघायचं. सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या दिवसांतही तसंच. तुझा जून आहे म्हणून तो सोडून देतो.

तिसरी: १२३.०५ अल्पाइनपाशी पोचून लावू नकोस. टॅपन झीच्याही आधी दुसऱ्या रेडिओवर ऐकायला सुरुवात कर. पाच मिनिटं नुसतं ऐकलंस तर डोक्यात चित्र तयार होतं. कोण इन्ट्रेपिडपाशी आहे, कोण वर येतंय, किती हेलिकॉप्टरं आहेत.

चौथी: स्कायलाइन मार्गाचा विचार केलास का? तोच नदीचा पट्टा, पण १,३०० फुटांच्या वर, साधारण २,००० पर्यंत, ब्राव्होच्या आत, कंट्रोलरच्या परवानगीनं. रडारवर कुणीतरी तुझ्याकडे बघत असतं. मी सोबत आई-वडील असलेल्या माणसाला आधी तोच मागायला सांगतो. मात्र 'क्लिअर्ड इन्टू द ब्राव्हो' हे शब्द तुझ्या विमानाच्या क्रमांकासकट कानावर आल्याशिवाय आत शिरायचं नाही. 'रेडार कॉन्टॅक्ट' म्हणाले, क्रमांक दिला, गोड बोलले, तरी ती परवानगी नव्हे. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी इथेच गल्लत केली होती.

---

कऱ्हाकाठची · १३ मे, सकाळी ११:०३

मी बारामतीला प्रशिक्षण घेतेय, ६० तास झालेत. ताई, एक कळत नाही. आमच्याकडे साधं क्रॉस-कंट्री जायचं तरी फ्लाइट प्लॅन भरा, हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक घ्या, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक घ्या, मगच चाकं हलतात. आणि तुमच्याकडे एवढ्या मोठ्या शहराच्या मधून, तीन-तीन विमानतळांच्या खालून, कुणालाही न विचारता जाता येतं? भीती नाही वाटत?

---

केतकी_सातारा · १३ मे, संध्याकाळी ७:२०

वाटते. आणि ती वाटते म्हणूनच हा धागा काढला.

तुझ्या पद्धतीत निघण्याआधी तुझं नाव चार ठिकाणी लिहिलेलं असतं. इथे त्या भोकात मी आहे हे फक्त मलाच माहीत. हवेत गेल्यावर नकाशात डोकं घालून बसले तर बाहेर कोण बघणार? म्हणून सगळा विचार घरी, टेबलावर करायचा. हवेत डोळे काचेबाहेर आणि तोंडात सहा खुणांची नावं, बाकी काही शिल्लक राहता कामा नये.

पॅलिसेड्सकाठ सर, यांकींचं वेळापत्रक डोक्यातच आलं नव्हतं. मी सूचना वाचून निर्धास्त बसले असते. मनापासून आभार.

---

गोदाकाठ · १४ मे, सकाळी ९:३०

मी विमानातला नाही. पण विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. २००९ मध्ये याच नदीवर टक्कर झाली होती ना? मग ते भोक बुजवलं का नाही?

---

पॅलिसेड्सकाठ · १४ मे, दुपारी १:०५

वाईट कशाला वाटेल? प्रश्न रास्त आहे.

८ ऑगस्ट २००९, शनिवार, दुपारची वेळ. टेटरबोरोहून निघालेलं पायपर हे छोटं विमान आणि मॅनहॅटनहून पर्यटकांना घेऊन चढत असलेलं हेलिकॉप्टर होबोकनजवळ नदीवर एकमेकांवर आदळले. पायपर मागून आलं. विमानात तिघं, हेलिकॉप्टरमध्ये सहा, नऊच्या नऊ गेले. चौकशीत दोन गोष्टी ठळक आल्या. 'बघा आणि टाळा' या पद्धतीलाच मर्यादा आहेत. आणि टेटरबोरोचा कंट्रोलर त्या वेळी फोनवर कामाव्यतिरिक्त बोलत होता. मी त्या दिवशी उडणार होतो, ढगांमुळे नाही, घरच्या कामामुळे राहिलो. त्या रात्री झोप लागली नाही.

तोवर इथले बरेच नियम म्हणजे निव्वळ शिफारशी होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते सक्तीचे झाले. उंची वाढवून १,३०० पर्यंत नेली आणि सरळ जाणारे वर, फिरणारे खाली असे दोन मजले पाडले. बुजवलं असतं तर सगळी लहान विमानं लांबून वळसे घालत दुसऱ्या अरुंद पट्ट्यांत कोंबली गेली असती, आणि हेलिकॉप्टरं तर तिथेच राहिली असती. दोन मजले पाडले हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम झालं. म्हणून केतकी, तुझे १,१०० फूट म्हणजे १,१००. हेलिकॉप्टर बघायला म्हणून खाली यायचं नाही आणि इमारती बघायला म्हणून वर जायचं नाही.

---

नंदू_सांगलीकर · १४ मे, रात्री ८:४८

हिशेबाचा माणूस आहे, राहवत नाही. ९० नॉट वेग, ३० अंश कलून वळलात तर वर्तुळाची त्रिज्या साधारण १,२५० फूट येते. म्हणजे उलटं तोंड करायला अडीच हजार फूट रुंदी हवी. १०० नॉट झाले की तीन हजारांच्या पुढे. शिवाय वारा आडवा असेल तर तो त्यात आणखी ढकलतो.

हडसन मध्यावर चार हजार फुटांच्या आसपास आहे, तिथे जमतं. पण पूर्वेकडची ईस्ट रिव्हर साधारण दोन हजार फूट. ११ ऑक्टोबर २००६ ला यांकीजचा पिचर कोरी लिडल आणि त्याचा प्रशिक्षक तिथेच वळायला गेले, पूर्वेचा वारा होता, विमान इमारतीवर गेलं. आता त्या नदीवर चाकांच्या विमानांना लाग्वार्डियाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही.

तेव्हा वळायचं ते व्हेराझानोच्या पलीकडे, खाडीवर. वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून वळा, वारा पाठीत घेऊन नको.

---

कुपर्टिनोची_माई · १५ मे, सकाळी १:१२

आमच्या सॅन फ्रान्सिस्कोला असं भोक नाही. गोल्डन गेट बघायचा म्हटलं की कंट्रोलरकडे बे टूर मागायची, बहुतेक वेळा मिळते. इथली उतरंड १०,००० फुटांपर्यंत. मला तरी आवाज ऐकू येणं बरं वाटतं. सरांच्या स्कायलाइनला माझं मत.

---

दादरचा_विनू · १५ मे, सकाळी ७:३०

लहान विमान आणि शेजारी मोठा विमानतळ हे दुखणं आमच्या जुहूला फार जुनं आहे. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये जेआरडी कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच, तेव्हा सांताक्रूझ नव्हतं. पुढे दोन धावपट्ट्या शेजारी शेजारी झाल्या आणि १९७२ मध्ये जपानचं एक डीसी-८ मुंबईचा मोठा विमानतळ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. म्हणून खुणा तोंडपाठ असण्याबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं. वरून सगळं सारखंच दिसतं.

---

मुक्ता_एडिसन · १५ मे, रात्री ९:१५

मी वैमानिक नाही, नवरा आहे. सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हाचं सांगते.

नाश्ता हलका द्या पण उपाशी नेऊ नका. आलेपाक जवळ ठेवा. कागदी पिशव्या आधीच उघडून हातात द्या, बांधलेल्या सापडत नाहीत. हेडसेट घालून घरीच दोन तास बसवा. सासूबाईंनी माइक तोंडापासून लांब ढकलला आणि मग दहा मिनिटं कुणालाच ऐकू येईना. आणि मुख्य म्हणजे त्यांना सांगून ठेवा की अमुक वेळी बोलायचं नाही. आमच्या घरी कुणी गप्प बसलं की समोरच्याला वाटतं रागावले.

लाइफ जॅकेट घेताय ना? विमानात असताना फुगवायचं नाही, बाहेर पडल्यावर फुगवायचं, हे मराठीत समजावून सांगा. नवऱ्यानं इंग्रजीत सांगितलं आणि त्या नुसत्या मान हलवत होत्या.

---

केतकी_सातारा · १८ मे, रात्री १०:५०

मुक्ताताई, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. जॅकेट भाड्यानं घेतेय तिघांसाठी, चढतानाच अंगावर घालणार. १,१०० फुटांवर इंजिन बंद पडलं तर सेस्ना तरंगत दीड मैलाच्या आसपास जाईल, वेळ मिळेल दीड मिनिट. त्यात मागच्या खिशातलं जॅकेट शोधायला वेळ नसणार.

बदललेला बेत असा.

आधी प्रशिक्षकांबरोबर दोनदा जाऊन येणार. आम्ही तिघं आणि ते असे चौघं एकदम नाही. वजनात बसतं, टाकीत ४० गॅलन ठेवले तर. पण लिंकन पार्कची धावपट्टी आखूड आहे आणि जूनची हवा पातळ. भरलेलं विमान तिथून उठवायला मला आवडणार नाही.

सकाळी लवकर, कामाच्या दिवशी. शनिवार-रविवारी हेलिकॉप्टरांची जत्रा असते.

टॅपन झीपाशी निर्णय. तिथे रुंद पाण्यावर एक वळसा घालत स्कायलाइन मागायचा. मिळाला तर वरून. नाही मिळाला आणि १२३.०५ वर चित्र स्वच्छ असलं तर खालून. चित्र स्वच्छ नसलं तर परत. तिन्हीची पूर्वतयारी घरी करून ठेवणार.

बसण्याची जागा: बाबा पुढे माझ्या उजवीकडे. खाली येताना मॅनहॅटन डावीकडे, म्हणून आई मागे डाव्या खिडकीशी. वर जाताना मॅनहॅटन उजवीकडे येतं, तेव्हा बाबांची पाळी.

काल स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून सराव केला. मिठाची डबी म्हणजे विमान. नवरा मधूनच म्हणायचा, 'क्लॉकपाशी हेलिकॉप्टर, नऊशे फूट, वर येतंय', आणि मी काय करणार ते मोठ्यानं सांगायचं. तिसऱ्या फेरीत तो म्हणाला, 'रेडिओ बंद पडला.' मी गप्प. खरंच विचार केला नव्हता. आता कार्डावर लिहिलंय: रेडिओ गेला तर अल्पाइनच्या आत शिरायचंच नाही, आणि आत असताना गेला तर दिवे चालू, उजवा काठ धरून त्याच उंचीनं सरळ बाहेर.

---

पॅलिसेड्सकाठ · १९ मे, सकाळी ६:०५

तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांग. असा सराव मी पैसे घेऊन करवतो.

---

केतकी_सातारा · १४ जून, संध्याकाळी ६:४०

आज गेलो होतो. नदीत शिरलो नाही.

कामाच्या दिवशी जायचं ठरवून शनिवारी गेले, ही माझीच चूक. बुधवारी-गुरुवारी धूसर हवा होती, काल वारा, आणि बाबांची परतीची तारीख जवळ येतेय. सकाळी सामना नव्हता, बंदी नव्हती, आकाश मोकळं. म्हटलं जाऊ या.

टॅपन झीच्या आधीपासून १२३.०५ ऐकत होते. इन्ट्रेपिड आणि क्लॉकच्या मध्ये तीन हेलिकॉप्टरं, पुलापाशी एक चेरोकी विमान वर येतंय, आणखी दोघं पुतळ्याभोवती. दोघं एकदम बोलले की कानात नुसती शिट्टी वाजते, दोघांचंही कळत नाही. तसं चार-पाच वेळा झालं. स्कायलाइन मागितला, उत्तर आलं, 'रिमेन आउटसाइड द ब्राव्हो.' पुन्हा १२३.०५ वर आले तर मला माझं वाक्य घालायला फट मिळेना. एका मिनिटाहून जास्त वेळ बटणावर बोट ठेवून थांबले होते. समोर अल्पाइन टॉवर कड्यावर मोठा मोठा होत होता.

वळले. पाणी रुंद होतं, वळायला जागा होती. आईनं मागून विचारलं, 'आलं का न्यूयॉर्क?' मी म्हटलं, 'आज नाही गं.' उतरून विमान बांधेपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं हिरमुसले. दोर आवळताना म्हणाले, 'घाटात धुकं दाटलं की मी पायथ्याला गाडी लावायचो. प्रवासी आरडाओरडा करायचे. करू द्यायचे.' आणि गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

---

कऱ्हाकाठची · १५ जून, सकाळी १०:२२

ताई, हा प्रतिसाद मी आमच्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला.

---

केतकी_सातारा · १७ जून, रात्री ९:३०

झालं. आज, मंगळवारी. सकाळी पावणेसातला चाकं सुटली.

टॅपन झीवर कानात जवळजवळ शांतता. एक हेलिकॉप्टर पुतळ्यापाशी ७०० फुटांवर, बस. स्कायलाइन मागितलाच नाही. खालचं चित्र इतकं स्वच्छ होतं की आणखी एका माणसाशी बोलण्यात लक्ष घालवावंसं वाटलं नाही. सर, याबद्दल तुम्ही रागवाल तर ऐकून घेईन.

'हडसन ट्रॅफिक, व्हाइट स्कायहॉक, अल्पाइन टॉवर, साउथबाउंड, वन थाउजंड वन हंड्रेड.' स्कायहॉक म्हणजे माझं सेस्ना १७२. पहिलं वाक्य बोलले आणि हात स्थिर झाला.

कार्ड बाबांच्या मांडीवर होतं. मी मागितलं नव्हतं, पण त्यांनी पुढच्या खुणेवर बोट ठेवलं होतं, आणि मी बोलून झालं की बोट एक ओळ खाली सरकायचं. पूर्ण वेळ. जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे मनोरे ६०४ फुटांचे, आपण त्यांच्यावरून पाचशे फूट. वरच्या मजल्यावरची ट्रकांची रांग दिसते. बाबांनी तेवढ्यापुरतं बोट उचललं, ट्रक बघितले, परत ठेवलं.

एक गोष्ट लिहायलाच हवी, पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. सकाळी सूर्य डावीकडून, मॅनहॅटनच्या पाठीमागून येतो. सगळ्या इमारती काळ्या दिसतात आणि त्या काळ्यावर काळं हेलिकॉप्टर दिसतच नाही. इन्ट्रेपिडच्या अलीकडे एकानं 'थर्टिएथ स्ट्रीटवरून वर येतोय' म्हटलं. मी शोधतेय, शोधतेय, आकार काही सापडेना. शेवटी लुकलुकणारा दिवा दिसला, माझ्या खाली बराच. सकाळच्या वेळी आकार शोधत बसू नका, दिवा शोधा. आणि आपलेही सगळे दिवे लावा, लँडिंग लाइटसकट.

वन वर्ल्ड ट्रेडपाशी आपण त्या इमारतीच्या खांद्याच्याही खाली असतो. ती १,७७६ फूट आहे. आई म्हणाली, 'मान वर करून बघायला लागतंय, विमानात असून.'

व्हेराझानो ओलांडून खाडीवर वळले. वर येताना मॅनहॅटनच्या काठानं, आता सूर्य उजवीकडे, पलीकडचा जर्सीचा काठ लख्ख. मी 'क्लॉक, नॉर्थबाउंड' म्हणायला बटण दाबणार तोच मागून आईचा आवाज, 'सात वाजून अठ्ठावीस.' पन्नास फूट व्यासाचं घड्याळ आहे ते, १९२४ सालचं. तिनं डाव्या खिडकीतून वाचलं. बोलायचं नाही हे ठरलेलं विसरली, पण खूण बरोबर ओळखली होती.

---

पॅलिसेड्सकाठ · १८ जून, सकाळी ६:१०

रागवत नाही. ऐकून ठरवलंस, अंदाजानं नाही. आणि शनिवारी परतलीस म्हणून मंगळवारच्या निर्णयावर माझा विश्वास आहे.

एक विचारतो. व्हेराझानोच्या वळणात उंची किती राहिली?

---

केतकी_सातारा · १८ जून, रात्री ८:१५

तुम्ही विचाराल हे माहीत होतं. घरी आल्यावर टॅब्लेटवरची नोंद काढून बघितली. वळायच्या आधीच, पुलाच्या अलीकडे, मी १,२४० वर होते. पुतळ्यापाशी आई काहीतरी म्हणाली, मी डावीकडे बघितलं आणि नाक वर जात राहिलं. १,३०० ला ब्राव्हो सुरू. साठ फूट उरले होते आणि मला त्या क्षणी कळलंही नव्हतं. पूल ओलांडताना काट्याकडे लक्ष गेलं तेव्हा खाली आणलं.

---

पॅलिसेड्सकाठ · १८ जून, रात्री ९:०२

आपण होऊन सांगितलंस, बरं केलंस. अल्पाइनच्या आधी १,१०० वर ट्रिम (हात न लावता विमान त्याच उंचीवर राहावं म्हणूनची जुळणी) पक्कं कर, हात सोडून दहा सेकंद बघ विमान हलतंय का. आणि प्रत्येक खुणेला उंची बोलायची असते ना, ती आठवणीतून बोलू नकोस, काट्यावर वाचून बोल. पुतळ्यापाशी तू 'वन थाउजंड वन हंड्रेड' म्हणाली असशील, मी पैज लावतो.

---

केतकी_सातारा · १८ जून, रात्री ९:२०

तेच म्हणाले होते. कार्डावर सहाही खुणांसमोर आता 'काटा वाच' असं लाल शाईनं लिहिलंय. पुढच्या बुधवारी सकाळी तुम्हाला वेळ आहे का? उजव्या सीटवर तुम्ही बसा, फक्त त्याच पट्ट्यासाठी.